लॅपटॉप घरी ठेवून लाइव्ह सेट: सीक्वेन्सर आणि सिंथ कसे जोडायचे, आणि स्टेजवर काय काय बिघडतं

एक ड्रम मशीन, दोन-तीन सिंथ (विजेवर सूर तयार करणारी वाद्यं), छोटा मिक्सर, हे सगळं टेबलावर मांडून पाऊण तास वाजवायचं आणि मध्ये लॅपटॉप नाही, घरी बेडरूममध्ये हे मस्त जमतं, पण तेच सामान उचलून कुठेतरी नेलं की एक सिंथ भलत्याच स्पीडने पळतो, दुसरा गप्प बसतो आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. यातली प्रत्येक चूक मी करून बसलोय. त्यातून माझा एकच नियम तयार झाला, की कुठलंही एक मशीन मेलं तरी बाकीचं वाजत राहिलं पाहिजे. पुढे वायर कुठली कुठे लावायची याची जी उत्तरं आहेत ती बहुतेक या एका नियमातूनच येतात, त्यामुळे तो डोक्यात ठेवूनच वाचा.

काय न्यायचं

मी नेतो ते सामान सांगतो, तुमच्याकडे दुसरं असलं तरी हिशोब तोच. मध्ये एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट, पहिल्या पिढीचा. त्यात आठ ट्रॅक सॅम्पलचे (किक, हॅट, एक ताशाचा तुकडा वगैरे) आणि आठ ट्रॅक मिडीचे (मिडी म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला कुठली नोट कधी वाजवायची ते सांगायची भाषा), म्हणजे हा ड्रम पण वाजवतो आणि भरून ठेवलेल्या नोटा बाकीच्या सिंथना ओळीने पाठवतो पण, यालाच सीक्वेन्सर म्हणतात. बेसला बेहरिंगर टीडी-३, म्हणजे रोलंडच्या टीबी-३०३ ची स्वस्त नक्कल. कॉर्ड्सना कॉर्ग मिनीलॉग, चार आवाजांचा अॅनालॉग. आणि कॉर्गचाच एक छोटा सिंथ, वोल्का कीज, जो बारीकसारीक सुरांसाठी आणि जरा गंमत म्हणून. शेवटी एक डिले पेडल, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी देणारं.

प्रत्येकाला एकच काम द्या. दोन मशिनं बेस वाजवायला लागली की ऐकणाऱ्याला चिखल ऐकू येतो आणि तुम्हाला कळत नाही कुठला नॉब फिरवायचा. चारपेक्षा जास्त मशिनं नेऊ नका, हात दोनच आहेत. (आणि हो, बघायला आलेला एक तरी काका "हा कॅसिओ कितीला पडला?" असं विचारणारच. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीमुळे लोकांना कॅसिओ आणि ऑक्टोपॅड हे दोन शब्द पाठ आहेत, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. उलट कोणाकडे मिडी आउटवाला जुना ऑक्टोपॅड पडून असेल तर तो मागून आणा, डिजिटॅक्टच्या मिडी इनमध्ये लावला की काठीने सॅम्पल वाजवता येतात आणि लोकांना निदान कळतं तरी की हा माणूस खरंच काहीतरी वाजवतोय.)

आधी करंट

सगळे मिडीपासून सुरुवात करतात, तुम्ही ऍडाप्टरपासून करा.

वोल्का आणि मिनीलॉग दोघांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत प्लस असतो. गिटार पेडल्सना पण ९ व्होल्टच लागतात, पण बहुतेकांना आत मायनस. पिन दिसायला सारखीच, आत जाते पण आरामात. मी एकदा अंधारात वोल्काचा ऍडाप्टर डिले पेडलला लावला, एक बारीकसा वास आला आणि ते पेडल गेलं ते गेलंच. तेव्हापासून प्रत्येक ऍडाप्टरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप आणि त्याच रंगाची टेप मशीनवर. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा. डिजिटॅक्टचा १२ व्होल्टचा आहे, त्याला तर लाल टेप, म्हणजे तो चुकून कोणाच्या तोंडात जाणार नाही.

लोड फार नसतो. डिजिटॅक्टच्या ऍडाप्टरवर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय म्हणजे जास्तीत जास्त २४ वॅट, कॉर्गचे प्रत्येकी साधारण १५, सगळं मिळून शंभर वॅटच्या आत. घरातला साधा ६ अँपिअरचा पॉइंट तेराशे वॅटच्या वर झेपतो, त्यामुळे एकाच पॉइंटवरून एकच चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि सगळं त्यावरच लावा. मुद्दा लोडचा नाहीये, अर्थिंगचा आहे. अर्धं सामान स्टेजच्या डाव्या पॉइंटवर आणि अर्धं उजव्या पॉइंटवर लावलं की दोन वेगळ्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झची घरघर आत शिरते. मिक्सर पण त्याच बोर्डवर. लाइटवाल्याचा डिमर ज्या लायनीवर आहे ती टाळा, साउंडवाल्याला विचारलं तर तो स्वतःच्या लायनीतून एक पॉइंट देतो. आणि घरघर घालवायला कोणी प्लगची जाड पिन काढायला सांगितली तर अजिबात ऐकू नका, जीवाशी खेळ आहे तो. घरघर ऑडिओच्या बाजूने घालवायची, ते पुढे येतं.

मंडपात किंवा जनरेटरवर वाजवणार असाल तर कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस सोबत न्या. लाइट एक सेकंद डुलली तर अॅम्प्लिफायर लगेच परत येतात पण डिजिटॅक्टला चालू व्हायला वेळ लागतो, आणि तोपर्यंतची शांतता फार लांब वाटते हो. वोल्का सहा पेन्सिल सेलवर चालतो, म्हणून त्यात मी सेल भरूनच ठेवतो.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. वोल्का आणि मिनीलॉगमध्ये ऑटो पॉवर ऑफ असतं, साधारण चार तास कोणी हात लावला नाही की ते स्वतःच झोपतात. संध्याकाळी पाचला साउंडचेक, नंतर इतरांचे सेट, आणि तुमचा नंबर साडेनऊला. तुम्ही जाऊन उभे राहता, पहिला कॉर्ड दाबता, शांतता. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून टाका.

क्लॉक: मालक एकच

मिडी १९८३ ला आलं, त्या वर्षीच्या नॅम शोमध्ये (अमेरिकेतलं वाद्यांचं व्यापारी प्रदर्शन) सिक्वेन्शल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवला होता. त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपापलं काहीतरी असायचं, रोलंडचं डिन सिंक होतं. १९८२ ला मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलंडचं ८०८ ड्रम मशीन, ३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन रागांची डिस्को रेकॉर्ड केली ती मिडी यायच्या आधीची, हे आठवलं की आपण एका केबलवरून कुरकुर करतो त्याची जरा लाज वाटते. डिन सिंकचा प्लग पण पाच पिनांचाच असतो पण तो मिडी नाही, जुनं मशीन हाती लागलं तर नुसता प्लग बसला म्हणून जोडलं असं समजू नका.

मिडी क्लॉक म्हणजे मालक मशीन दर बीटला २४ टिचक्या पाठवतं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) सेकंदाला ४८ टिचक्या होतात. बाकीचे त्या मोजत चालतात. मालक दोन झाले की भांडण, म्हणून बाकी सगळ्यांना क्लॉक बाहेरून घ्यायला सांगा. मिनीलॉगमध्ये क्लॉक सोर्सला ऑटो मिडी ठेवा, म्हणजे केबलमधून क्लॉक आलं तर तो ते घेतो आणि आलं नाही तर स्वतःच्या टेम्पोवर चालतो. हे सेटिंग मला फार आवडतं, कारण मालक मेला तरी नोकर घर सांभाळतो.

आता डिजिटॅक्टच्या मिडी सेटिंगमध्ये जा. पोर्ट कॉन्फिगमध्ये आउटपुट मिडीवर आहे ना बघा, तिथे चुकून नुसतं यूएसबी राहिलं तर केबल कितीही बदला, काही जाणार नाही. सिंकमध्ये क्लॉक सेंड चालू. ट्रान्सपोर्ट सेंड (स्टार्ट-स्टॉपचा हुकूम) मात्र मी बंद ठेवतो, आणि यावर माझ्याशी बरेच जण वाद घालतात.

माझं म्हणणं असं. सिंथ वाजवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक सिंथच्या स्वतःच्या सीक्वेन्सरमध्ये पॅटर्न भरायचा आणि डिजिटॅक्टने नुसतं स्टार्ट म्हणायचं. दुसरा म्हणजे सगळ्या नोटा डिजिटॅक्टच्या मिडी ट्रॅकवर लिहायच्या आणि सिंथ नुसते हुकमाचे ताबेदार. पहिल्यात सेट चालू असताना एक केबल निसटली की परत लावून उपयोग नाही, तो सिंथ पुढच्या स्टार्टची वाट बघत बसतो आणि स्टार्ट द्यायला तुम्हाला सगळं थांबवावं लागतं. दुसऱ्यात केबल परत लावली की पुढच्या नोटेपासून तो वाजायला लागतो, लोकांना कळत पण नाही. फक्त नोट चालू असताना केबल निघाली तर ती नोट लटकते आणि कोकलत राहते, तेव्हा मिक्सरवर त्या सिंथची आवाजाची सरकपट्टी खाली घ्या आणि सिंथचा प्रोग्रॅम बदलून परत त्याच्यावर या, तेवढ्याने बहुतेक वेळा सुटते. नाहीच सुटली तर स्विच बंद-चालू.

मग क्लॉक तरी का पाठवायचं? आर्पेजिएटरसाठी (जो धरलेल्या कॉर्डचे सूर एकेक करून वाजवतो) आणि वोल्का कीजचा डिले टेम्पोत राहावा म्हणून. आणि सिंथच्या आतल्या सीक्वेन्सरमध्ये मी एक साधा सोळा स्टेपचा लूप भरून ठेवतो, कॉर्ड धरून ठेवलेला. डिजिटॅक्ट गेलाच तर मिनीलॉगचं प्ले दाबायचं, निदान एक सूर तरी हॉलमध्ये राहतो. ट्रान्सपोर्ट चालू ठेवलं असतं तर हा लूप दर वेळी नको तिथे सुरू झाला असता, म्हणून ते बंद.

केबल आणि चॅनल

मिनीलॉगला थ्रू (आत आलेला मिडी तसाच पुढे देणारं भोक) नाही, वोल्काला तर नुसतं इन आहे, त्यामुळे एकातून दुसऱ्यात अशी माळ लावता येत नाही. थ्रू बॉक्स घ्या, एक आत चार बाहेर. ज्यांना माळ लावता येते त्यांनी पण लावू नये असं माझं मत आहे, मधला एक बंद पडला की पुढचे सगळे गेले, आणि आपला नियम मोडला. मिडी केबल १५ मीटरपेक्षा लांब नको, टेबलावर एवढी लागत पण नाही, मी अर्ध्या मीटरच्या वापरतो.

मिडी चॅनल म्हणजे कुठली नोट कुठल्या मशीनसाठी हे सांगणारा नंबर, त्यातले १ ते ८ मी डिजिटॅक्टच्या स्वतःच्या ड्रमसाठी सोडून देतो आणि सिंथ ९ पासून पुढे: टीडी-३ ला ९, मिनीलॉगला ११, वोल्काला १२. १० मी जुन्या सवयीने टाळतो, तो पूर्वापार ड्रमचा. सिंथवर चॅनलचा नंबर मार्करने लिहा. टीडी-३ चं ते घसरणं पाहिजे असेल तर पहिली नोट दुसरी सुरू झाल्यावर जराशी उरली पाहिजे, म्हणजे नोटेची लांबी वाढवा, आणि अॅक्सेंटसाठी व्हेलॉसिटी (नोटेचा जोर) वर घ्या.

मिडी तसं हळू आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एकाच क्षणी दहा नोटा पाठवल्या तर दहावी दहा मिलिसेकंद उशिरा पोचते आणि कान ते पकडतो, बेस तर "जरा मागे" वाटायला लागतो. म्हणून कॉर्ड जरासा उशिरा पाठवून बेसला आधी जाऊ द्या. आणि नॉबची ऑटोमेशन (नॉब आपोआप फिरवायचे लिहून ठेवलेले हुकूम) तीन-तीन ट्रॅकवर एकदम चालवू नका, त्याच नळातून ते पण जातं.

साडेतीन एमएमच्या जॅकबद्दल बोलायलाच हवं, कारण आता हेडफोन, सिंक आणि मिडी तिन्ही त्याच भोकातून येतात. मिडीचे त्यात दोन प्रकार, टाइप ए आणि टाइप बी, आत तारा उलट्या. २०१८ ला टाइप ए हे स्टँडर्ड ठरलं पण त्याआधीची मशिनं, उदाहरणार्थ आर्टुरियाचा बीटस्टेप प्रो किंवा नोव्हेशनचा पहिला सर्किट, टाइप बी आहेत. जळत काही नाही, फक्त वाजत नाही. वोल्काचं सिंक अजून निराळं, ती नुसती टिचकी आहे, दर बीटला दोन. समोरच्या मशीनमध्ये २४ चं सेटिंग राहिलं तर वोल्का बारापट वेगाने धावायला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं फॅक्स आलाय. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कन्व्हर्टर घ्यायला गेलात तर "मिडी" म्हणून दुकानदार काय देईल सांगता येत नाही, स्वतःची केबल नमुना म्हणून घेऊन जा.

आवाज बाहेर काढायचा

इथे एक मोह होतो. डिजिटॅक्टला दोन ऑडिओ इनपुट आहेत, त्याचा रिव्हर्ब आणि कंप्रेसर छान आहेत, म्हणून सगळे सिंथ त्यातून काढले की मिक्सरच लागत नाही. ओझं कमी, एक केबल कमी. पण तो बंद पडला की सगळं गप्प. म्हणून वेगळा छोटा मिक्सर, आणि डिजिटॅक्ट त्यातला फक्त एक स्टिरिओ चॅनल.

मिनीलॉगचं आउटपुट मोनोच आहे, त्यामुळे सिंथ मोनो, पेडल मिक्सरच्या सेंडवर (इफेक्टसाठी असलेलं वेगळं आउटपुट). बेस आणि किक सोडून सगळ्यांचा लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबा, मोठ्या स्पीकरवर निम्मा गोंधळ त्यानेच जातो. बऱ्याच ठिकाणी पीए (हॉलची स्पीकर सिस्टिम) मोनोच असतो, त्यामुळे घरी एकदा सगळं मोनोत ऐका, डावी-उजवीकडे पसरवलेला एखादा आवाज गायब होत असेल तर आत्ताच कळू दे.

मिक्सरमधून साउंडवाल्याकडे दोन एक्सएलआर जातात. "दोन लाइन, स्टिरिओ, लाइन लेव्हल" एवढंच त्याला सांगा, नाहीतर तो माइकच्या चॅनलला लावतो आणि पहिल्याच किकला सगळं फाटतं. छोट्या मिक्सरला एक्सएलआर नसेल तर दोन डीआय बॉक्स (साध्या केबलचा सिग्नल एक्सएलआरवर देणारी डबी), त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, आधीच्या घरघरीचं औषध तेच. मिडीची पाच पिनांची केबल घरघर आणत नाही कारण इनपुटच्या आत ऑप्टोकपलर बसवलेला असतो, विजेचा थेट संबंधच येत नाही, पण यूएसबी केबल ग्राउंड सोबत घेऊन येते. त्यामुळे कोणी शेवटच्या क्षणी "फक्त रेकॉर्ड करायला" लॅपटॉप लावला आणि बारीक किरकिर सुरू झाली तर आधी ती यूएसबी काढा.

पाऊण तास भरायचा कसा

सगळा सेट एकाच प्रोजेक्टमध्ये. डिजिटॅक्टवर प्रोजेक्ट बदलला की वाजणं थांबतं. १२८ पॅटर्न मिळतात, पुरून उरतात. जागा कमी पडते ती सॅम्पलची, प्रोजेक्टला ६४ एमबी म्हणजे मोनो साधारण ११ मिनिटं, त्यामुळे लांबलचक लूप कापून घ्या.

मी एका गाण्याला चार पॅटर्न देतो, म्हणजे एका बँकेत सोळामध्ये चार गाणी: पहिला रिकामा-रिकामा, दुसरा भरलेला, तिसरा कॉर्ड बदललेला आणि चौथा पुढच्या गाण्याकडे नेणारा, ज्यात ड्रम पुढच्याचे असतात आणि बेस अजून जुन्याचा. हा चौथाच सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि तो नसेल तर सेट म्हणजे गाण्यांची नुसती यादी होते.

पॅटर्न बदलायचं बटण दाबलं तरी चालू पॅटर्न संपल्यावरच तो बदलतो. १२८ बीपीएमला ६४ स्टेप म्हणजे साडेसात सेकंद. सुरुवातीला मला वाटायचं दाबलंच गेलं नाही, मी परत दाबायचो, मग भलतंच काही व्हायचं. दाबा, हात काढा, डोक्यात मोजा.

फंक्शन आणि यस एकत्र दाबलं की पॅटर्नची आत्ताची अवस्था तात्पुरती जपली जाते. मग वाटेल तेवढे नॉब पिळा, ट्रॅकचं बटण धरून नॉब फिरवलात तर आठही ट्रॅकचा फिल्टर एकदम बंद होतो, गोंधळ वाढवत न्या, लोक थांबल्यासारखे झाले की फंक्शन आणि नो. सगळं एका झटक्यात जागेवर. पण आधी यस दाबायला विसरलात तर त्या अवस्थेवर परत येता येत नाही, ही चूक मी अजूनही करतो.

सिंथचे आवाज बदलायला मी प्रोग्रॅम चेंज पाठवत नाही. मिनीलॉगमध्ये सेटच्या क्रमाने आवाज लावून ठेवलेत, चौथ्या पॅटर्नमध्ये मिनीलॉग गप्प असतो, तेव्हा हाताने एक पुढे. घरी सगळे आवाज एकमेकांशेजारी वाजवून लेव्हल सारखी करून ठेवा.

सराव उभं राहून, त्याच उंचीच्या टेबलावर, खोलीतला लाइट बंद करून. आणि बायकोला किंवा मित्राला सांगा, मध्येच येऊन कुठलीही एक केबल उपट. पहिल्या वेळी घाम फुटतो, चौथ्या वेळेपर्यंत हात आपोआप जागेवर जातो.

त्या दिवशी

गोव्यात उघड्यावर वाजवायचं असलं की दोन गोष्टी. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे मागचे सेट लांबले तर कात्री तुमच्यावर येते, शेवटची दोन गाणी गाळता येतील असा एक चौथा पॅटर्न आधीच करून ठेवा. दुसरं म्हणजे हवा. एसी गाडीतून काढलेला सिंथ दमट हवेत लगेच चालू करू नका, बॅग उघडून थोडा वेळ तसाच राहू द्या, मग चालू करा आणि वीसेक मिनिटं गरम होऊ द्या, अॅनालॉग ऑसिलेटर तेवढ्यात सुरावर बसतात. सेटच्या आधी परत एकदा बेस आणि कॉर्ड एकत्र लावून ऐका, ऊन उतरलं की सूर पण हलतो.

साउंडचेकला सगळ्यात जोरात वाजणारा पॅटर्न लावा, आणि मिक्सरचा मास्टर त्या वेळी पाऊणवर ठेवा. साउंडवाल्याने त्यावर लेव्हल बसवली की वरची जागा तुमच्याकडे राहते. मॉनिटर मागून घ्या, लाजू नका. हॉलचा आवाज उशिरा पोचतो आणि त्याच्यावर हात चालवला तर मागेच पडाल. झालं की मिक्सरचा फोटो काढून ठेवा, मधल्या तीन तासांत कोणीतरी त्यावर ग्लास ठेवणार आणि नॉब हलणार हे धरून चाला.

संपल्यावर आधी साउंडवाल्याला खूण करा, त्याने लाइन म्यूट केली की मगच स्विच बंद, नाहीतर शेवटचा आवाज "धप्प" असा जातो. मग केबल, मग ऍडाप्टर, आणि ऍडाप्टर मोजून भरा. पाच नेले असतील तर पाच. हरवला तर तो नेमका १२ व्होल्टचाच असतो.